मोंतोने (उंब्रिया, इटली): यशवंत घाडग्यांच्या नावाच्या सूर्यघड्याळासाठी अर्धा दिवस द्यावा का?

रेवाकाठ
सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही चौघं इटलीला निघालोय: मी, नवरा, बारा वर्षांचा लेक आणि सासूबाई. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ठरलेलंच आहे. मधे उंब्रियातल्या तीन रात्री मात्र मी भांडून मिळवल्यात. मुक्काम पेरुजाला.

तिथून चाळीसेक किलोमीटरवर मोंतोने नावाचं गाव आहे. डोंगराच्या टोकावर, तटबंदीच्या आत, वस्ती दोन हजारांच्याही आत. जुलै २०२३ मध्ये तिथे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य-सन्मान), यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं. घाडगे आपल्या रायगड जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात लढताना गेले. वय २२.

नवरा म्हणतो, एका दगडासाठी जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर कशाला, त्यापेक्षा असिसी बघू. कोणी मोंतोनेला गेलंय का? स्मारक सोडून गावात बघण्यासारखं काय आहे? सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घ्या.

चकलीबहाद्दर
मोंतोने म्हणजे इटालियनमध्ये मेंढा. थोडक्यात, तुम्ही मटणाच्या गावाला चाललात. श्रावण संपल्यावर जा.

शेंगदाणा
चकलीबुवा, धागा उघडून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर मटण आलं. दंडवत.

पेरुजाची_पाहुणी
रेवाताई, नक्की जा. इटालियन शिकायला आले होते, वर्षभराचं सहा वर्षं झालं. मोंतोनेला चार-पाचदा गेलेय, त्यातलं कामाचं सांगते.

गाडी तटाबाहेर लावायची आणि चढून वर जायचं. चढ फार नाही, पण सगळी दगडी फरसबंदी, आणि पाऊस पडून गेला की निसरडी होते. सासूबाईंना काठी आणि रबरी तळव्याचे बूट. सपाट जागा एकच, ती म्हणजे मधला चौक, पियाझ्झा फोर्तेब्राच्चो. तिथे त्यांना खुर्ची मिळवून द्या आणि तुम्ही गल्ल्या फिरा. गावाला तीन वेशी आहेत आणि तीन पेठा त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात: बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे. ऑगस्टमध्ये या पेठांची एकमेकींशी चुरस लागते. मध्ययुगीन पोशाख, तिरंदाजी, नाटकं आणि रात्रभर खाणं. तुम्ही सप्टेंबरात जाताय, ते हुकणार.

सान फ्रांचेस्को चर्च चुकवू नका. चौदाव्या शतकातलं, आतून एखाद्या लांबलचक कोठारासारखं, खांब नाहीत. आता तिथे संग्रहालय आहे. बार्तोलोमेओ कापोराली या चित्रकाराचा १४८२ चा मिरवणुकीचा ध्वज तिथे बघायला मिळतो. मदर मेरी आपल्या झग्याखाली लोकांना घेऊन उभी आहे आणि तिच्या पायाशी खुद्द मोंतोने गाव रंगवलंय, बुरुज आणि तटासकट. बघून बाहेर आलात की तेच गाव समोर. तेराव्या शतकातल्या लाकडी मूर्तीही आहेत, येशूला क्रुसावरून उतरवतानाच्या. त्यांच्यासमोर मी नेहमी जास्त वेळ थांबते.

एक सूचना: लहान गावातली संग्रहालयं रोज उघडी नसतात आणि दुपारी एक ते तीन सगळं गाव झोपतं. वेळा आधी बघून निघा.

लंबक
पाहुणी यांचा प्रतिसाद उत्तम. माझा प्रश्न वेगळा आहे. सूर्यघड्याळच का? शिपायाचं स्मारक म्हटलं की पुतळा, स्तंभ, फार तर तोफ.

पेरुजाची_पाहुणी
त्यावर लॅटिनमध्ये वचन आहे, 'ओम्नेस सुब एओदेम सोले'. सगळे एकाच सूर्याखाली. कल्पना एवढीच आहे, आणि मला तरी आवडते.

परखड_पुणेकर
जरा स्पष्ट बोलतो. घाडग्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण ते लढले कोणासाठी? ज्या साहेबाने १९४२ मध्ये आपले नेते तुरुंगात घातले, त्याच्यासाठी. पगारी सैन्य होतं ते. इटलीतल्या एका खेड्याने घड्याळ लावलं म्हणून आपण लगेच ऊर भरून यायचं कारण काय?

माणगावचा_पोरगा
परखडराव, आमच्या तहसील कचेरीच्या आवारात घाडग्यांचा पुतळा आहे. लहानपणी आजीबरोबर रेशनकार्डाच्या कामाला जायचो, तेव्हा त्याच्या सावलीत तासन्‌तास बसलोय. आजी म्हणायची, "तो कशाला गेला विचारतोस? घरी काय होतं म्हणून थांबेल?" कोकणातल्या भाताच्या शेतीवर तेव्हा किती पोटं भरत होती ते बघा, मग पगारी म्हणा. माझ्या घरातले दोघं मुंबईच्या गिरणीत गेले, एक पलटणीत. तिघांचंही कारण एकच.

आणि ते गेले कसे, ते एकदा वाचा. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतला एकेक माणूस मेला नाहीतर जखमी झाला, उभे राहिले फक्त नाईक घाडगे. ते एकटेच धावत गेले. हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून तिथेच पडले. पुढे देह मिळाला नाही. म्हणून कबर नाही, फक्त इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे.

परखड_पुणेकर
रेशनकार्डाचा मुद्दा मान्य. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, आपल्या मिरवण्यावर आहे.

अनुस्वार
परखडराव, पगारी सैनिकाचा विषय तुम्ही काढलात तो नेमका मोंतोनेच्या धाग्यावर! हे गावच एका भाडोत्री सेनापतीच्या नावावर जगतं.

आंद्रेआ फोर्तेब्राच्चो, उर्फ ब्राच्चो दा मोंतोने, जन्म १३६८. 'ब्राच्चो' म्हणजे बाहू, 'फोर्ते' म्हणजे बळकट. घराणं मूळचं पेरुजाचं, तिथल्या राजकारणात देशोधडीला लागलेलं. तेव्हा इटलीतली शहरं पैसे मोजून सैन्य भाड्याने घेत आणि अशा सेनापतींना 'कोन्दोत्तिएरे' म्हणत. 'कोन्दोत्ता' म्हणजे करार. यात इतक्या माणसांचं इतके महिने काय मिळणार, हे कलमवार लिहिलेलं असे. ब्राच्चो आणि मुझ्झो आत्तेन्दोलो स्फोर्झा हे दोघं उमेदवारीच्या काळातले मित्र, पुढे हाडवैरी. लढण्याच्या पद्धतीही दोन पडल्या. स्फोर्झा मोठा जमाव एकदम अंगावर घाली. ब्राच्चो लहान लहान तुकड्या आळीपाळीने झुंजवी, म्हणजे त्याची माणसं ताजी राहत आणि समोरचे दमत.

१४१६ मध्ये ब्राच्चोने पेरुजा जिंकून जुना हिशेब चुकता केला. रेवाताई, तुम्ही पेरुजाच्या कथेड्रलच्या पायऱ्यांवर जेलातो खात बसाल, तेव्हा बाजूला ज्या कमानी दिसतील त्या त्यानेच बांधलेल्या. 'लोज्या दी ब्राच्चो' म्हणूनच विचारा. फ्लोरेन्सची पोरं तेव्हा रस्त्यात गाणं म्हणत, की ब्राच्चो सगळ्यांना हरवतो आणि पोप मार्तिनो दमडीच्या लायकीचा नाही. पोप तेव्हा त्याच शहरात मुक्कामाला! त्याला ते जन्मभर झोंबलं.

१४२४ साल दोघांनाही भोवलं. जानेवारीत स्फोर्झा पेस्कारा नदी ओलांडताना आपल्या पोरसवदा सेवकाला वाचवायला गेला आणि स्वतःच बुडाला. जूनमध्ये ल'आक्विलाच्या वेढ्यात ब्राच्चो जखमी होऊन मेला. पोपने त्याला पवित्र भूमीत पुरू दिलं नाही. काही वर्षांनी पुतण्याने अस्थी पेरुजाला आणल्या. मोंतोनेतली त्याची गढी पुढच्या एका पोपने पाडली. तिचे अवशेष गावाच्या वरच्या अंगाला आहेत.

तेव्हा पैसे घेऊन लढणाऱ्याचं कौतुक हा त्या गावाचा सहाशे वर्षांचा रिवाज आहे. फरक एवढाच की ब्राच्चोला त्यातून राज्य मिळालं आणि घाडग्यांना बावीसाव्या वर्षी मरण.

शेंगदाणा
अनुस्वार, शेवटची ओळ लागली.

चकलीबहाद्दर
फोर्तेब्राच्चो = भुजबळ. नावाचं भाषांतर केलं, राजकारणाचं नाही. संपादकांनी कात्री आवरावी.

हळदीकुंकू
मला त्या काट्याबद्दल विचारायचंय. मोंतोनेला येशूच्या काटेरी मुकुटातला काटा आहे म्हणतात, ते काय?

पेरुजाची_पाहुणी
हो, 'सांता स्पिना'. ब्राच्चोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या वतीने तुर्कांशी लढला. त्याचं बक्षीस म्हणून व्हेनिसने त्याला हा काटा दिला आणि त्याने तो १४७३ मध्ये गावाला अर्पण केला. ऑगस्टचा सण त्याचाच. लोकांसमोर तो ईस्टरच्या सोमवारी आणि त्या सणात आणतात. बायका सांगतात की गुड फ्रायडेला त्याला फुलं यायची. आपल्याकडे देवळात जसं अमुक झाडाचं पान आजही गोड लागतं सांगतात, त्याच सुरात.

ओहायोची_ओवी
मोंतोनेचं नाव वाचून उडालेच. आमच्या क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात एक हस्तलिखित पूजाग्रंथ आहे. १४६९ मध्ये कापोराली भावांनी रंगवलेला, आणि तो मोंतोनेच्या सान फ्रांचेस्को मठासाठीच केलेला! वर पाहुणी म्हणाल्या तोच कापोराली. सोन्याचा वर्ख असा की काल लावलाय वाटावं. एवढ्याशा डोंगरी गावातल्या साधूंना हे परवडलं कसं, असा मी तिथे उभी राहून विचार केला होता. अनुस्वारांच्या प्रतिसादात उत्तर मिळालं. लढाईचा पैसा.

अनुस्वार
ओवीताई, थोडा लढाईचा, थोडा पुण्य कमावायच्या घाईचा. दोन्ही एकत्रच येतात बहुधा.

लंबक
मी परत सूर्यघड्याळावर. सांगायला संकोच वाटतोय, पण रात्री बसून हिशेब केला.

इटलीचं घड्याळ १५ अंश पूर्व रेखांशाचं. मोंतोने साधारण १२.३ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या अकरा मिनिटं मागे. शिवाय उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्याची स्वतःची मागेपुढे होण्याची खोड जवळजवळ शून्यावर असते, त्यामुळे गणित सोपं. मनगटावर एक वाजून दहा मिनिटं होतील तेव्हा खरी माध्यान्ह. रेवाताई, मुलाला हे आधी सांगू नका. घड्याळ चुकलंय म्हणून ओरडेल, मग सांगा.

अवांतर: आपल्याकडचं प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंश. माणगाव ७३.३ च्या आसपास. म्हणजे कचेरीच्या आवारात सूर्यघड्याळ लावलं तर ते हातातल्या घड्याळाच्या ३७ मिनिटं मागे चालेल. मुंबई तर आपली ३९ मिनिटांची वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून बसली होती.

माणगावचा_पोरगा
आमच्या कचेरीत ३७ मिनिटं उशीर म्हणजे वेळेआधी.

शेंगदाणा
धागा इथेच बंद करा, यापेक्षा चांगलं वाक्य येणार नाही.

बेळगावी_बूट
बंद कशाला? मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या बेळगावात, मी त्याच पलटणीतून निवृत्त. घाडगे तेव्हाच्या पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे, दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. पन्नास हजारांहून जास्त माणूस. त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. त्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीय सैन्याला.

दुसऱ्या मराठ्याचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमी साथीदारांना एकामागून एक पाठीवर घेऊन, पाण्यातून आणि सुरुंगांतून, मागच्या काठाला पोचवलं. मग पुन्हा जाऊन तीन मशिनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना, तर हातबॉम्ब फेकले. आणि बांधावर उभं राहून पलटणीची आरोळी दिली. कोणती ते सांगायला नको. ते जगले, १९८४ मध्ये वारले. त्याच दिवशी त्याच नदीवर आणखी एका भारतीय जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, अली हैदर.

परखडराव, शिपाई खंदकात साम्राज्याचा विचार करत नाही. शेजारच्या माणसाचा करतो.

परखड_पुणेकर
साहेब, तुमच्यापुढे बोलणार नाही. पण एक बाजू राहते ती मांडतो. मोंतोनेच्या खालीच उंबेर्तिदे आहे. २५ एप्रिल १९४४ ला दोस्त राष्ट्रांची विमानं तिथला पूल पाडायला आली आणि बॉम्ब वस्तीवर पडले. सत्तर माणसं गेली. त्या खोऱ्यातल्या लोकांनी आपल्याला सोडवायला आलेल्यांचे बॉम्बही खाल्ले. असं असून ते परक्या शिपायाची आठवण ठेवतात. हे मोठेपण त्यांचं आहे, आपण त्यात फुकट वाटा मागू नये, एवढंच मला म्हणायचं होतं. आधी नीट म्हणता आलं नाही.

बेळगावी_बूट
हे पटलं.

चित्ररेखा
युद्धाचा विषय निघालाच आहे तर, मोंतोनेहून पुढे उत्तरेला गेलात की सान्सेपोल्क्रो लागतं. तिथे पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराचं, येशूच्या पुनरुत्थानाचं भित्तिचित्र आहे. १९४४ मध्ये एका ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला गावावर गोळे टाकायचा हुकूम होता. त्याला मधेच आठवलं की जगातलं सर्वोत्तम चित्र याच गावात आहे असं आपण एका लेखात वाचलंय. त्याने मारा थांबवला. चित्र त्याने पाहिलेलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. रेवाताई, मी तुमच्या जागी असते तर सकाळी सान्सेपोल्क्रो, दुपारी मोंतोने. असिसीला गर्दीत काय मरायचंय?

हळदीकुंकू
असिसीला असं म्हणू नये हो. माझ्या आयुष्यातली सर्वात शांत संध्याकाळ तिथली.

वाटसरू_मस्कत
इटलीत भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. जुन्या गावांत ठरावीक हद्दीत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरा नंबर टिपतो. मला पत्र आलं सात महिन्यांनी. त्याआधी गाडीवाल्या कंपनीने माझा पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे वेगळे कापले होते. दंड एकच असेल म्हणून भरला, तर दुसरं पत्र. त्याच गल्लीतून बाहेर पडल्याचं.

चकलीबहाद्दर
आत गेलात तो गुन्हा, बाहेर आलात तोही गुन्हा. आतच राहायचं होतं.

शेंगदाणा
कोणी खाण्याबद्दल बोलेल का? ऐंशी किलोमीटर उपाशी नेणार का त्यांना?

पेरुजाची_पाहुणी
तोर्ता आल तेस्तो मागवा. 'तेस्तो' म्हणजे जाड तवा, त्यावर भाजलेली बोटभर जाडीची रोटी. मधे चिरून पालेभाजी आणि चीज भरतात. शाकाहारी सांगितलंत की हीच देतील. ऑक्टोबरच्या शेवटी मोंतोनेला जंगलाची जत्रा भरते, 'फेस्ता देल बोस्को'. आळंबी, चेस्टनट, ट्रफल. तेव्हा या, मी पण येते.

रेवाकाठ
धागा वर काढतेय. जाऊन आलो. उशीर झाला, सॉरी, आल्या आल्या गणपती होते.

सान्सेपोल्क्रो आणि मोंतोने एकाच दिवशी केलं. चित्ररेखा, त्या चित्रासमोर लेक पण गप्प बसला. दंडाचं पत्र अजून आलेलं नाही, वाटसरूंमुळे नवऱ्याने गाडी इतकी लांब लावली की सासूबाईंची निम्मी ताकद तिथेच गेली.

मोंतोनेच्या चौकात त्यांना बसवलं, पुढ्यात तोर्ता आली. त्यांनी कडेचा तुकडा मोडून बोटांत चुरला, वास घेतला आणि म्हणाल्या, "मैदाच आहे. पण भाजलीय चांगली." मग सगळी संपवली.

ध्वजावरचं चित्रातलं गाव बघितलं. लेकाने त्यात आम्ही चढून आलो ती वाट शोधायचा प्रयत्न केला. आमच्या दोघांत एकमत झालं नाही.

स्मारकाशी विचारत विचारत गेलो. तिथे एक म्हातारबाबा कुत्रा फिरवत होते. त्यांनी नावाकडे बोट करून काहीतरी विचारलं. आम्हाला कळेना, मग कळलं की उच्चार विचारतायत. ते म्हणत होते 'गाद्जे'. लेकाने त्यांना 'घा' शिकवला. तोंडासमोर हात धरून, हवा लागली पाहिजे म्हणून. चार-पाच वेळा करून त्यांना जमला. नंतर ते कुत्र्याकडे बघून पण "घाडगे" म्हणाले आणि हसत निघून गेले. नवरा ज्याला दगड म्हणत होता, त्याचे फोटो त्याच्याच फोनमध्ये सगळ्यात जास्त आहेत.

लंबककाका, मुलाला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. एक वाजून दहा मिनिटांनी बरोबर तिथे उभे होतो. आभाळ गच्च भरलेलं. सावलीच नाही. वीस मिनिटं थांबलो, मग थेंब पडायला लागले.

लंबक
अरेरे. पुढच्या वेळी जुलैत जा, १० तारखेला. त्या दिवशी सव्वा वाजता माध्यान्ह. ऊन नक्की असेल.

माणगावचा_पोरगा
तिथे असेल. १० जुलैला आमच्या माणगावात सूर्यघड्याळ लावलंत तर ते थेट ऑक्टोबरात चालू होईल.